वलीम्याची आठवण




लग्नसराई सुरू झाली की आपल्या घराघरांत निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. कुठे निकाह असतो, कुठे वलीमा. आपण जातो, जेवतो, लिफाफा देतो आणि परततो. यजमान थकून जातो, मंडपवाला मंडप उतरवितो आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसऱ्या कुणाचे कार्य उभे राहते. मग त्या एका संध्याकाळीचे नेमके उरते काय? ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या नवदांपत्याच्या मनात तिची कोणती आठवण राहते? आज याच प्रश्नावर आपण पवित्र कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात थोडा विचार करू या.

काही महिन्यांपूर्वी एका नवविवाहित तरुणाच्या घरी जाण्याचा योग आला. तालुक्याच्या गावातील साधे, कष्टाळू घर. चहा झाला आणि त्याच्या आईने मोठ्या हौसेने वलीम्याचा अल्बम समोर ठेवला. जाडजूड पाने, सोनेरी कडा, फुलांनी सजलेले व्यासपीठ, त्यावर सिंहासनासारखा सोफा आणि शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेणारे शेकडो पाहुणे. मी पाने उलटत होतो आणि तो तरुण गप्प बसून होता. अखेर मी सहज विचारले, "बेटा, त्या दिवसाचे तुला काय आठवते?"

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "या अल्बममध्ये मुअज्जिन चाचा नाहीत."

ज्या वृद्ध मुअज्जिनांनी मोहल्ल्याच्या मकतबमध्ये त्याला अलिफ-बे शिकविले, वुजू कसे करावे हे हात धरून दाखविले, त्यांना आमंत्रणच गेले नव्हते. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. यादी लांबत गेली, पत्रिका संपल्या. व्यापारी, पुढारी, वडिलांच्या ओळखीचे कंत्राटदार यांची नावे आधी लिहिली गेली आणि रोज पाच वेळा ज्यांचा आवाज कानी पडतो त्यांचे नाव राहून गेले. वलीम्यानंतर दुसऱ्या दिवशी तो फजरच्या नमाजला गेला तेव्हा त्याच चाचांनी त्याला जवळ घेतले, डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या संसारात बरकत यावी म्हणून दुआ केली. आदल्या रात्री सातशे माणसे त्याला भेटून गेली होती. ही दुआ मात्र न बोलावलेल्या माणसाने दिली.

आतल्या खोलीतून त्याची पत्नी आपल्या सासूला काही सांगत होती. तिचीही आठवण नंतर कळली. दुपारपासून तिचा साजशृंगार चालला होता. वुजू केले तर सारा शृंगार धुऊन जाईल म्हणून असर गेली, मगरिब गेली आणि व्यासपीठावर बसल्या बसल्या इशाही गेली. लहानपणापासून तिने क्वचितच नमाज चुकविली होती. ती म्हणाली, "माझ्या नव्या आयुष्याची पहिली संध्याकाळ सजद्याशिवाय गेली, हेच मला आठवते."

वाचक बंधू-भगिनींनो, या दोन आठवणी ऐकून मी अल्बम मिटला. त्यात तीनशेहून अधिक छायाचित्रे होती. परंतु त्या दोघांच्या अंतःकरणात जे कोरले गेले होते त्याचे छायाचित्र त्यात नव्हते.

वलीमा म्हणजे काय?

'वलीमा' या अरबी शब्दाच्या मुळाशी एकत्र येणे, जुळणे हा अर्थ आहे. पती-पत्नी एकत्र आले, दोन घराणी जुळली, या आनंदात पतीने आपल्या ऐपतीनुसार लोकांना जेवू घालावे, अल्लाहचे आभार मानावेत आणि हा विवाह समाजाला ज्ञात व्हावा, हा त्याचा उद्देश. वलीमा ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे आणि तिची जबाबदारी पतीकडे आहे. वधूपित्याच्या डोक्यावर भोजनाचा भार टाकणे आणि त्याला रीतीरिवाजाचे नाव देणे यास सुन्नतमध्ये कोणताही आधार नाही.

ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची घटना आपण अनेकदा ऐकली असेल. ते मक्केहून हिजरत करून मदीनेला आले तेव्हा रिकाम्या हाताने आले. प्रेषितांनी त्यांचे बंधुत्व ह. सअद बिन रबीअ (रजि.) या अन्सारी सहाबींशी जोडून दिले. सअद यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि सुके दही यांचा व्यापार करून त्यांनी कमाई केली आणि थोड्याच दिवसांत विवाह केला. त्यांच्या अंगावर सुगंधी द्रव्याचा पिवळा डाग पाहून प्रेषितांनी विचारपूस केली, महर किती दिला हे विचारले, बरकतीची दुआ दिली आणि एक बकरी का होईना, पण वलीमा करण्यास सांगितले.

या घटनेचा क्रम ध्यानात घ्या. आधी स्वकष्टाची कमाई, मग पत्नीचा महर, मग बरकतीची दुआ आणि त्यानंतर भोजन. आपण हा क्रम उलटा केला आहे. हॉल आधी ठरतो, केटररला आगाऊ रक्कम जाते, महर मात्र निकाहनाम्यावर उधारीचा आकडा बनून राहतो. सूरह अन्-निसाच्या चौथ्या आयतीत अल्लाहने स्त्रियांना त्यांचा महर आनंदाने देण्याचा आदेश दिला आहे. ज्याने सातशे पाहुण्यांना जेवू घातले, पण आपल्या पत्नीचा हक्क दिला नाही, त्याने सुन्नतचे पालन केले असे कसे म्हणावे?

एका मुलाने जपलेल्या आठवणी

प्रेषितांच्या वलीम्यांविषयी आपल्याला जी माहिती आहे तिचा मोठा भाग ह. अनस बिन मालिक (रजि.) यांच्या स्मरणातून आला आहे. ते वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रेषितांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे सेवेत राहिले. अल्लाहने त्यांना दीर्घायुष्य दिले. वृद्धापकाळीही ते आपल्या लहानपणी पाहिलेल्या त्या भोजनांची हकीकत लोकांना सांगत असत. त्यांना काय आठवत होते?

खैबरहून परतताना, हिजरी सन 7 मध्ये, प्रेषितांचा विवाह ह. सफिय्या (रजि.) यांच्याशी झाला. प्रवासातील मुक्काम, ना घर ना स्वयंपाकघर. ज्याच्याजवळ खाण्याचे जे काही शिल्लक असेल ते त्याने घेऊन यावे असे सांगण्यात आले. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले. कुणी खजूर आणले, कुणी तूप, कुणी सुके दही. तिन्ही एकत्र कालवून जे तयार झाले तोच वलीमा. त्यात ना रोटी होती ना मांस, असे ह. अनस (रजि.) आवर्जून सांगतात. पाहुण्यांनी आपापल्या शिदोरीतून यजमानाचा वलीमा सजविला आणि त्यात कुणालाही उणेपणा वाटला नाही.

ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) यांच्या विवाहप्रसंगी मात्र बकरी कापली गेली आणि लोकांना पोटभर रोटी व मांस देण्यात आले. इतर कोणत्याही पत्नीच्या वेळी इतका मोठा वलीमा झाला नाही, हीदेखील अनस (रजि.) यांचीच साक्ष. म्हणजे प्रेषितांच्या घरचा सर्वांत मोठा वलीमा एका बकरीचा होता! आणखी एका पत्नीच्या वेळी दोन मुद, म्हणजे साधारण दोन ओंजळी, जवावर वलीमा झाल्याचेही हदीसमध्ये नमूद आहे. ऐपत असेल तेव्हा बकरी, नसेल तेव्हा ओंजळभर जव. प्रेषितांनी ना ऐपत असताना हात आखडला, ना नसताना उसनवार करून थाट केला.

याच विवाहाच्या वेळी अनस यांच्या मातोश्री उम्मे सुलैम (रजि.) यांनी खजूर, तूप आणि सुके दही यांचा पदार्थ करून एका भांड्यात घालून भेट म्हणून पाठविला आणि एवढीशी भेट पाठवीत असल्याबद्दल संकोचही कळविला. प्रेषितांनी ती आनंदाने स्वीकारली. मग त्यांनी छोट्या अनसला काही व्यक्तींची नावे घेऊन त्यांना बोलावण्यास सांगितले आणि पुढे असेही सांगितले की, वाटेत जो कोणी भेटेल त्यालाही घेऊन ये. अनस गेले. ज्यांची नावे घेतली होती त्यांना बोलावले आणि जो भेटला त्यालाही बोलावले. सुमारे तीनशे माणसे जमली. प्रेषितांनी दुआ केली, दहा-दहा जणांना बसविले, प्रत्येकाने आपल्या समोरचे खावे असे सांगितले. सर्वजण तृप्त झाले. शेवटी भांडे उचलले तेव्हा ते ठेवताना अधिक भरलेले होते की उचलताना, हे अनस यांना सांगता येईना.

बंधूंनो, या आमंत्रणाच्या यादीकडे पाहा. तिच्यात नावेही होती आणि तिला दारही उघडे होते. "जो भेटेल तो" हा त्या यादीतील सर्वांत मानाचा पाहुणा होता. आपल्या याद्यांमध्ये या पाहुण्याला किती जागा असते?

सर्वांत वाईट भोजन

हीच गोष्ट प्रेषितांनी दुसऱ्या बाजूने, कठोर शब्दांत स्पष्ट केली आहे. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, तो भोजनांतील सर्वांत वाईट भोजन होय. त्याचबरोबर आमंत्रण नाकारणाऱ्यालाही ताकीद आहे, कारण ज्याने विनाकारण वलीम्याचे आमंत्रण नाकारले त्याने अल्लाह व त्याच्या प्रेषितांची अवज्ञा केली.

येथे एक क्षण थांबा आणि विचार करा. या हदीसमध्ये जेवण बेचव आहे, कमी आहे किंवा उशिरा वाढले म्हणून त्याला वाईट म्हटलेले नाही. जेवण रुचकर असेल, मुबलक असेल, ताट चांदीसारखे चमकत असेल. तरीही ते सर्वांत वाईट ठरू शकते, कारण दारातून कुणी तरी परत गेला किंवा दारापर्यंत त्याला बोलावलेच गेले नाही. भोजनाचा दर्जा स्वयंपाकघरात ठरत नाही, तो यादी लिहिताना ठरतो.

आपल्या मोहल्ल्यात असे कोण कोण आहे? मशिदीचे मुअज्जिन, कब्रस्तानात कबरी खोदणारा, हातगाडीवाला, घरी धुण्याभांड्याला येणारी विधवा, शेजारचे मुस्लिमेतर कुटुंब जे आजारपणात आपल्या मदतीला धावून आले, गावाकडचा तो दूरचा आप्त ज्याचे कपडे पाहून आपल्याला संकोच वाटतो. यादी करताना ही नावे शेवटी लिहिली गेली तर ती राहून जातील. म्हणून ती आधी लिहा.

उधळपट्टी आणि कर्ज

त्या तरुणाने मला आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री बारा वाजता हॉलची वेळ संपली तेव्हा मागच्या बाजूला बिर्याणीची भरलेली पातेली उभी होती. ती कुठे गेली हे कुणी विचारले नाही. सकाळी हॉलमागच्या उकिरड्यावर कावळे आणि कुत्री जमली होती. आणि वलीम्यासाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे 36 हप्ते सुरू झाले होते. पहिला हप्ता जाईपर्यंत वधूच्या हातावरची मेंदीही उतरली नव्हती.

सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक देऊन लगेच उधळपट्टीपासून रोखले आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (17:26-27) नातलग, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याचा आदेश आहे आणि पाठोपाठ वायफळ खर्च करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत, हे विचार करण्यासारखे आहे. जो पैसा उधळला जातो तो बहुधा कुणाच्या तरी हक्कातूनच जातो. सूरह अल-फुरकानमध्ये (25:67) रहमानच्या दासांचे वर्णन करताना ते ना उधळे असतात ना कंजूष, त्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये असतो, असे सांगितले आहे.

आणि कर्ज? एका मृताचा जनाजा आणला गेला तेव्हा त्याच्यावर कर्ज आहे हे कळल्यावर प्रेषितांनी स्वतः नमाज पढविण्यास नकार दिला. ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले तेव्हाच त्यांनी नमाज पढविली. शहीदालाही सर्व काही माफ होते, परंतु कर्ज माफ होत नाही, अशी हदीस आहे. अन्नवस्त्रासाठी, औषधोपचारासाठी काढलेल्या कर्जाचीही जेथे इतकी गंभीर दखल घेतली जाते, तेथे व्यासपीठावरील फुलांसाठी काढलेल्या कर्जाचे काय उत्तर आपण देणार? त्यावर जर ते व्याजी असेल, तर सूरह अल-बकरामध्ये (2:278-279) व्याज न सोडणाऱ्यांना जो इशारा दिला आहे तो वाचून कोणत्याही ईमानधारकाचे काळीज थरथरल्यावाचून राहणार नाही. सुन्नत पार पाडण्यासाठी हरामचा आधार घेणे म्हणजे वुजूसाठी घाण पाणी वापरण्यासारखे आहे.

यावर काही जण म्हणतात, "लोक काय म्हणतील?" लोक एक दिवस बोलतील. हप्ते तीन वर्षे बोलत राहतील आणि घरातील पती-पत्नीच्या नात्यात रोज कटुता कालवीत राहतील. सूरह अर्-रूमच्या 21 व्या आयतीत अल्लाहने विवाहाला शांती, प्रेम आणि दया यांचे निधान म्हटले आहे. त्या शांतीच्या दारातच आपण सावकाराला बसवावे काय?

वधूची आठवण

हदीसग्रंथांत आणखी एका नववधूची आठवण जपलेली आहे. ह. अबू उसैद साइदी (रजि.) यांनी आपल्या विवाहात प्रेषित (स.) आणि सहाबींना आमंत्रण दिले. त्या दिवशी पाहुण्यांची सेवा खुद्द वधूने, उम्मे उसैद (रजि.) यांनी केली. त्यांनी आदल्या रात्रीच दगडी भांड्यात काही खजूर भिजत घातले होते. भोजन झाल्यावर त्यांनी ते पाणी प्रेषितांना प्यायला दिले. बस, एवढीच गोष्ट. त्या दिवशी त्यांनी कोणते वस्त्र नेसले होते, किती दागिने होते, हे कथन करणाऱ्याने सांगितलेले नाही. रात्री भिजविलेले खजूर मात्र चौदाशे वर्षे उम्मतच्या स्मरणात राहिले, कारण त्यात आदरातिथ्य होते, प्रेम होते.

माझ्या भगिनींनो, नववधूने नटूथटू नये असे इस्लाम म्हणत नाही. तिचा आनंद हा तिचा हक्क आहे. परंतु तो आनंद तिच्या रबपासून तिला तोडणारा नसावा. शृंगार मगरिबनंतर सुरू करता येतो, वलीमा दुपारी ठेवता येतो, हॉलमध्ये स्त्रियांसाठी नमाजची एक स्वच्छ खोली राखता येते. ज्या सासूने आपल्या सुनेला त्या गडबडीत हळूच म्हटले, "बेटी, आधी नमाज पढून घे, पाहुणे थांबतील," तिने सुनेला दागिन्यांपेक्षा मौल्यवान भेट दिली.

आपण काय करावे?

प्रथम, महर विवाहाच्या वेळीच द्यावा आणि मग उरलेल्या रकमेवर वलीम्याचा विचार करावा. वलीमा हाती असलेल्या पैशांत बसवावा, पैसा वलीम्याच्या मापाने शोधू नये.

दुसरे, यादीची पहिली दहा नावे मोहल्ल्यातील गरजूंची असावीत. त्यांना मागच्या पंगतीत नव्हे, मान्यवरांच्या शेजारी बसवावे.

तिसरे, उरलेल्या अन्नाची व्यवस्था आधीच ठरवावी. दोघांचे अन्न तिघांना पुरते, अशी प्रेषितांची शिकवण आहे. एक-दोन तरुणांना डबे भरून वस्तीत, रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातलगांकडे पोहोचविण्याचे काम सोपवावे.

चौथे, पाहुण्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. ह. जैनब (रजि.) यांच्या वलीम्यानंतर काही जण गप्पा मारीत बसून राहिले. प्रेषित बाहेर जाऊन परत आले तरी ते उठेनात आणि संकोचामुळे प्रेषित त्यांना काही बोलू शकले नाहीत. त्याच प्रसंगी सूरह अल-अहजाबची 53 वी आयत अवतरली, जिच्यात जेवण झाल्यावर बोलत न बसता निघून जाण्याची शिकवण आहे. यजमानाच्या घराला त्याचे घर परत देणे, हीसुद्धा एक भेटच आहे. निघताना केवळ छायाचित्र काढून न घेता दांपत्यासाठी बरकतीची आणि भलाईत एकत्र राहण्याची जी दुआ प्रेषितांनी शिकविली आहे ती द्यावी. ती न विसरणारा पाहुणा हाच खरा आहेर घेऊन आलेला असतो.

त्या तरुणाचे पुढे काय झाले? मी निघताना तो म्हणाला, "आता काय करणार? वलीमा तर होऊन गेला." मी म्हटले, "वलीमा होऊन गेला, परंतु जेवू घालण्याचे दार बंद झालेले नाही." पुढच्या शुक्रवारी त्याच्या घरी पंधरा माणसे जेवली. मुअज्जिन चाचा, कबरी खोदणारा मजूर, गल्लीतील दोन विधवा आणि त्यांची मुले. डाळ, भात आणि थोडे मटण. त्याच्या पत्नीने स्वतः रांधले. जुम्याची नमाज झाल्यावर सर्वजण जमिनीवर एका दस्तरखानावर बसले. कुणीही छायाचित्र काढले नाही. हप्ते अजून फेडायचे आहेत. ते कसे लवकर फेडावेत, व्याजातून कसे मोकळे व्हावे, यासाठी पती-पत्नी आता खर्च लिहून काढतात. परंतु त्या शुक्रवारविषयी मी विचारले तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, "आमचा वलीमा कसा झाला असे कुणी विचारले तर मला तो दिवस आठवतो."

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात लवकरच विवाह असेल तर आजच ती यादी काढा आणि पाहा की तिच्यात कोण राहून गेले आहे. पत्रिका अजून छापल्या गेलेल्या नाहीत.

अल्लाह आमच्या विवाहांत बरकत देवो, नवदांपत्यांना भलाईत एकत्र ठेवो, आम्हाला दिखाव्यापासून, उधळपट्टीपासून आणि व्याजाच्या ओझ्यापासून वाचवो आणि आमच्या दस्तरखानावर गरिबाला मानाची जागा देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.